विणकामाचे नमुने व्हिडिओवरून जसेच्या तसे उतरवावेत का?

क्रोशासखी (लातूर):
माझे मत सुरुवातीलाच सांगते. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवरच्या विणकरांकडून नमुन्याची बांधणी जरूर शिकावी, पण त्यांचा धागा, माप आणि रंग जसेच्या तसे उचलू नयेत. गेल्या एप्रिलमध्ये भाचीच्या बाळंतविड्यासाठी मी एका परदेशी बाईंचा व्हिडिओ लावून, दर दोन टाक्यांनी तो थांबवत, कानांवर उतरणारे ॲक्रिलिक लोकरीचे टोपडे विणले. दिसायला ते हुबेहूब झाले; पण लातुरात पारा ४० च्या वर गेलेला, आणि टोपडे जेमतेम दहा मिनिटे डोक्यावर राहिले तेवढ्यात बाळाचे कपाळ घामाने निथळू लागले व केसांच्या कडेने लाल रेघ उमटली. त्या बाईंचा यात काही दोष नाही, त्या आपल्या थंड हवेसाठी विणतात. कापूस पिकणाऱ्या मुलखात राहून मला सुती धागा आठवलासुद्धा नाही, हे मनाला फार लागले.

माझी आजी दुसऱ्याच्या रुखवतातला रुमाल उजेडाकडे धरून अंगठ्याच्या नखाने एकेक खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, मोजत असे आणि घरी येऊन तो नमुना आपल्या धाग्यात बसवत असे. तिला विणलेले काम वाचता येत होते. गोल सपाट बसायचा तर पहिल्या फेरीत १२ खांब घालून पुढे प्रत्येक फेरीत १२ वाढवायचे, मुक्या खांबाला, म्हणजे बुटक्या टाक्याला, तोच आकडा ६, एवढे एकदा उमगले की रुमाल असो वा टोपडे, आपल्या मापाने विणता येते. व्हिडिओच्या मागे मागे जाणाऱ्या हाताला हे गणित कधी लागत नाही.

एकखांब (नांदेड):
ताई, बाळाला त्रास झाला याचे वाईट वाटले, पण तुमचे म्हणणे मला पटत नाही. रुमाल उजेडाकडे धरून शिकवणारी आजी सगळ्यांच्या घरी नसते. माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला गेली. आमच्या घरात क्रोशाची सुई मीच पहिल्यांदा आणली, तीही वयाच्या तिसाव्या वर्षी. बोटाभोवती धाग्याचा वेढा घालून त्यातून सुई काढायची, ही मॅजिक रिंगची सुरुवात मी वीस वेळा तरी मागे नेऊन पाहिली असेल, आणि विसाव्या वेळीही समोरच्या बाई तितक्याच शांतपणे सांगत होत्या.

हुबेहूब उतरवणे ही शिकण्याची पहिली पायरी आहे. पाटीवर गिरवल्याशिवाय कोणाला अक्षर आले आहे? मी ब्रिटिश बाईंचे पाहून शिकले होते, मग एक अमेरिकी नमुना घेतला आणि स्वेटर निम्म्याच उंचीचा झाला. अमेरिकी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, तर ब्रिटिश नमुन्यात त्याच नावाने मुका खांब सांगितलेला असतो. ही उसवाउसव केल्यामुळेच मी आज दोन्हीकडचे नमुने वाचू शकते.

सुतीधागा (पैठण):
मी विणलेल्या वस्तू विकते, म्हणून एक निराळी बाजू मांडते. टाका कोणाच्या मालकीचा नसतो, पण लिहून काढलेला नमुना आणि त्याची छायाचित्रे ही ज्या बाईने केली तिची मेहनत असते. विकत घेतलेल्या नमुन्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर बिनदिक्कत फिरवली जाते. मला ती चोरीच वाटते. त्यात आता एआयने बनवलेली चित्रेही विणकाम म्हणून फिरतात. जवळून पाहिले तर त्यांतले टाके एकमेकांत विरघळलेले असतात, तरी ग्राहक तेच दाखवून ‘असे करून द्या’ म्हणतात आणि नाही म्हटले की आपल्यालाच कमी समजतात.

नक्षीसाठी मी गावाबाहेर जात नाही. फिले क्रोशात भरलेले आणि मोकळे चौकोन एवढेच असतात, त्यामुळे पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा काठावरची मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, चौकटीच्या कागदावर उतरवली की ती थेट विणता येते. फिलेची पद्धत मात्र मी एका परदेशी बाईंच्या व्हिडिओवरूनच शिकले, आणि विचारणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला त्यांचे नाव सांगते.

क्रोशासखी (लातूर):
एकखांबताई, आजीचे उदाहरण देताना ती सगळ्यांना लाभत नाही हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. गिरवण्याला माझा विरोध नाही. वर्षानुवर्षे गिरवतच राहण्याला आहे. त्यानंतर मी सुती धाग्याचे टोपडे विणले, तेव्हा व्हिडिओ लावला नाही. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, त्याला ३.१४ ने भागले की रुंदी मिळते, म्हणून गोल ११ सेंटिमीटर रुंद झाला की वाढवणे थांबवले आणि तेवढ्याच खांबांवर सरळ खाली उतरले. ते बाळाने सबंध दुपारभर घातले.

एकखांब (नांदेड):
घेरावरून रुंदी काढण्याचे हे गणित मला आजवर कोणी सांगितले नव्हते, व्हिडिओतही नाही. मग ताई, तुम्हीच ते मराठीत, खांब आणि मुका खांब म्हणत, हात दिसेल असे चित्रित करून का टाकत नाही? तोवर मी त्या परदेशी बाईंकडूनच शिकणार, आणि हुबेहूबच उतरवणार.