दिवाळी अंकांच्या विक्रीवरून अश्लीलतेची तक्रार : विक्रेत्याने काय करावे? मदत हवी आहे

नमस्कार. सिंधुदुर्गातील एका तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकालगत, आमचे वृत्तपत्रांचे व मासिकांचे दुकान आहे. कोणीतरी तक्रार केल्यावरून पोलीस आले आणि एका दिवाळी अंकाच्या सर्व प्रती घेऊन गेले. पंचनामा झाला नाही, पोचही दिली नाही; ‘पुन्हा असले अंक दिसले तर गुन्हा दाखल करू’ असे तोंडी बजावले.

मी कायदा वाचून पाहिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ नुसार अश्लील पुस्तक विकणेच नव्हे, तर विक्रीसाठी जवळ बाळगणे हाही गुन्हा असून पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनांना सूट आहे, परंतु ती कोणत्या अंकाला लागू होते हे दुकानदाराने कसे ओळखावे? मजकूर ठाऊक नव्हता, हा मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात मान्य केला नव्हता. आमच्याकडे अंक गठ्ठ्याने येतात, कित्येक प्लास्टिकमध्ये बंद असतात, आणि फोडलेला अंक वितरक परत घेत नाही.

‘रंभा’च्या १९६२ सालच्या दिवाळी अंकातील कथेच्या लेखकाला सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष ठरवले, आणि २०१४ च्या अवीक सरकार निकालाने संपूर्ण संदर्भ व समकालीन समाजाची दृष्टी हा निकष घालून दिला. हे निकाल मला मोलाचे वाटतात. मात्र तिथपर्यंत खटला लढवण्याची ऐपत लहान दुकानदाराकडे नसते, आणि भीतीपोटी चांगले वाङ्मयीन अंकही ठेवणे बंद करावे, हे मला पटत नाही.

गाडीची वाट पाहणारी शाळेची मुले दुकानात अंक चाळतात. कलम २९५ खाली अठरा वर्षांखालील मुलाला असे साहित्य विकणे किंवा दाखवणे यासाठी वेगळी, अधिक कैद आहे. म्हणून प्रौढांसाठीचे अंक मी आता गल्ल्यामागच्या वरच्या फळीवर ठेवतो. तेवढे पुरेसे आहे का?

जप्तीचे चित्रीकरण व वस्तूंची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम १०५ नुसार बंधनकारक असताना, नेलेल्या प्रतींसाठी लेखी अर्ज कोणाकडे करावा? वितरकाकडून मजकुराच्या जबाबदारीचे लेखी पत्र घेतले, तर त्याचा न्यायालयात कितपत उपयोग होतो? वकील मंडळी किंवा अशा प्रसंगातून गेलेले विक्रेते यांनी कृपया सांगावे; अर्जाचा नमुना कोणाकडे असल्यास तोही येथे द्यावा.