विंच: स्वस्तातली चालेल की महागडीच घ्यावी?

चिखलखुणा:
नमस्कार मंडळी, गाडीला पुढे विंच (मोटरने दोर गुंडाळून अडकलेली गाडी बाहेर ओढणारं यंत्र) लावायचं नक्की झालंय पण कुठली यावर बरेच दिवस अडकलोय. गाडी लॅडर फ्रेमवाली डिझेल फोर बाय फोर, सामान, पाण्याचे कॅन, वरचं कॅरियर, माणसं सगळं धरून अडीच टनाच्या आसपास भरते. एकीकडे स्वस्तातल्या विंच आहेत आणि दुसरीकडे वॉर्न, कमअप वगैरे नावाजलेल्या कंपन्यांच्या, किंमत तिप्पट-चौपट. दोन्हीच्या खोक्यावर मात्र तेच लिहिलेलं, ९५०० पाउंड, वॉटरप्रूफ, वायरलेस रिमोट, सिंथेटिक दोर. मग वरचे पैसे नक्की कशाचे? नुसते नावाचे असतील तर मी ते टायरमध्ये घालीन. बहुतेक वेळा सोबत अजून गाड्या असतात, पण अधूनमधून मी आणि बायको दोघंच आडवाटेला निघतो आणि तिथे फोनला रेंज नसते. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

गिअरपेटी:
आधी तो ९५०० चा आकडा समजून घ्या. किलोमध्ये साधारण ४३०० होतात. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट विंच घ्यावी असा सरधोपट नियम आहे, तुमचे होतात पावणेचार टन, म्हणजे कागदावर पुरतं. पण हा आकडा कधीचा, तर ड्रमवर (दोर ज्यावर गुंडाळतो त्यावर) दोराचा फक्त सगळ्यात आतला थर उरलेला असतानाचा. दोर गुंडाळत गेला की ड्रमची जाडी वाढते आणि खेच कमी होते, दर थराला दहा-पंधरा टक्के, चौथ्या थरापर्यंत साठ-पासष्ट टक्क्यांवर येते. समोरचं झाड जवळ आहे म्हणून थोडाच दोर सोडून खेचायला गेलात तर तुमच्याकडे ४३०० किलो नाहीतच, पावणेतीन हजाराच्या आसपास आहेत, आणि गाडी चाकं बुडेपर्यंत चिखलात असेल तर चिखलाची पकड जवळजवळ गाडीच्या वजनाइतकी धरतात, चढ असेल तर तो वेगळा. हे महागड्या विंचलाही तेवढंच लागू आहे.

आता पैसे कुठे जातात ते. पहिलं म्हणजे मोटर. परमनंट मॅग्नेटवाली मोटर करंट कमी खाते पण लांब आणि जड खेचीत लवकर तापते आणि तापली की ताकद सोडते, सिरीज वाउंड मोटर जास्त करंट ओढते पण दमदार असते. स्वस्तातही आता सिरीज वाउंड मिळते, तेव्हा हे विचारूनच घ्या. खोक्यावरच्या हॉर्सपॉवरकडे बघू नका, त्यातून काही कळत नाही, थरागणिक खेच, स्पीड आणि करंट यांचा तक्ता बघा. जी कंपनी तो तक्ता छापतच नाही ती विंच मी घेणार नाही. दुसरं ब्रेक, तिसरं सील, चौथं कंट्रोल बॉक्स. लोक मोटरीवरच भांडत बसतात पण बंद पडणाऱ्या विंच बहुतेक या शेवटच्या दोन गोष्टींनी पडतात.

रानवाट:
मी स्वस्तातलीच वापरतो, बरीच वर्षं, आणि माझं मत अगदी स्पष्ट आहे की ग्रुपमध्ये जाणाऱ्या माणसाला ती पुरते पण खोक्यातून काढून तशीच बसवायची नाही. मी नवी आल्या आल्या उघडली, गिअरबॉक्समध्ये ग्रीस एका बाजूला गोळा झालेलं होतं ते काढून नीट भरलं, मोटरच्या दोन्ही टोकांना आणि जिथे जिथे झाकण बसतं तिथे सीलंट लावलं, आणि सोबत आलेले सोलेनॉइड (मोटरचा करंट चालू-बंद करणारे स्विच) काढून चांगल्या कंपनीचा एकच सीलबंद कॉन्टॅक्टर लावला. केबल पण बदलली, जाड तांब्याची, कारण पूर्ण ताणाला ९५०० वाली विंच चारशे अँपियरच्या घरात करंट ओढते आणि बारीक केबल असेल तर व्होल्टेज तिथेच पडतं, मग मोटर कितीही भारी असो ती उपाशीच राहते. एवढं सगळं करूनही खर्च महागडीच्या निम्म्याच्या आतच राहतो आणि उरलेल्या पैशात चांगली पुली, झाडाला बांधायचा रुंद पट्टा, शॅकल (जोडायची मजबूत कडी), हातमोजे, दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्यावर टाकायचं वजन म्हणजे डँपर, सगळं येतं. नुसती महाग विंच घेऊन झाडाला थेट दोर गुंडाळणारे लोक बघितले की वाईट वाटतं, झाडाची साल जाते आणि दोरही कापला जातो.

पाना_बारा:
मी गाड्यांचं काम करतो, विंच उघडतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या विंचमध्ये जळालेली मोटर फार कमी असते. जास्त करून काय असतं तर पाणी आत जाऊन गंजलेलं बेअरिंग, चिकटलेला सोलेनॉइड आणि जाम झालेला क्लचचा खटका. आणि यात महागड्याही असतात बरं का, कारण विंच न वापरल्याने खराब होते. पुढच्या बंपरवर पावसात चिखलात वर्षभर बसून राहते, कोणी एकदा दोर सोडूनसुद्धा बघत नाही, मग जेव्हा लागते तेव्हा फ्री स्पूल, म्हणजे मोटर न चालवता दोर हाताने सोडणं, होतच नाही. महिन्यातून एकदा दोर पूर्ण सोडा, थोडा ताण देऊन परत गुंडाळा, पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी हे करा, मोटर थोडी गरम झाली की आतली ओल निघते.

वॉटरप्रूफ या शब्दावर जाऊ नका, आयपी नंबर, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं तो आकडा, बघा. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ६८ म्हणजे त्याहून जास्त, कंपनी सांगेल तेवढं. नंबर विंचचा आहे की नुसत्या कंट्रोल बॉक्सचा हे पण बघा, बऱ्याचदा तिथेच गफलत असते. आणि महागडीचा खरा फायदा माझ्या मते सुटे भाग. वॉर्नची ८२७४ ही विंच १९७४ पासूनची आहे, तिचे पार्ट आजही मिळतात, जुनी उचलून लोक नवी करतात. स्वस्तातल्या विंचचं कुठलं मॉडेल कधी बंद होईल सांगता येत नाही, पुढच्या वर्षी तोच ब्रँड वेगळ्या कारखान्याचा माल विकत असतो आणि ब्रेकचा एक छोटा भाग मिळत नाही म्हणून सगळी विंच भंगारात जाते. मला ते बघवत नाही. घेण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा की मोटर, ब्रेक आणि रिमोट हे तीन सुटे मिळतील का. उत्तर गोल गोल आलं की समजून जा.

चिखलखुणा:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका राहिल्या. दोर सिंथेटिक घेऊ की स्टीलची वायर? आणि ब्रेकचा उल्लेख दोघांनी केला पण त्याचा स्वस्त-महागशी संबंध नीट कळला नाही.

उतारवाट:
दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. बहुतेक विंच प्लॅनेटरी गिअरच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशांमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो. आत खेचताना काही नाही, पण गाडी उतारावर विंचने हळूहळू खाली सोडत असाल तेव्हा ब्रेक घासत राहतो आणि ड्रम तापतो. सिंथेटिक दोर ज्या धाग्याचा असतो, डायनिमा वगैरे, तो दीडशे डिग्रीच्या आसपास वितळतो आणि त्याच्या बराच आधी, सत्तर डिग्रीच्या पुढे, त्याचा जोर कमी व्हायला लागतो. म्हणून ड्रमला चिकटलेला पहिला थर सगळ्यात जास्त धोक्यात असतो. वरच्या श्रेणीच्या काही विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या बाहेर ठेवलेला असतो, ८२७४ मध्ये पण बाहेर आहे, त्यामुळे ती उष्णता दोरापर्यंत पोचत नाही. तुम्ही दोर सिंथेटिक घेणार असाल आणि उतारावर गाडी सोडायचं काम पडणार असेल तर हा फरक पैसे देण्यासारखा आहे. नुसतं चिखलातून पुढे ओढायचं असेल तर ड्रममधला ब्रेक चालतो, फक्त मोटर उलटी फिरवून लांबवर गाडी सोडू नका, थांबत थांबत सोडा.

दोराबद्दल माझं मत सिंथेटिकच. हलका आहे, हातात काटे घुसत नाहीत, पाण्यावर तरंगतो, आणि मुख्य म्हणजे तुटला तर स्टीलच्या वायरइतका जोर साठवून अंगावर येत नाही. येतच नाही असं मात्र नाही, डँपर टाकायचाच आणि ताणलेल्या दोराला ओलांडून कोणी जायचं नाही. त्याची दुखणी म्हणजे ऊन, वाळू आणि धारदार दगड. सिंथेटिक लावलात तर पुढचा रोलर, म्हणजे दोर ज्यावरून बाहेर येतो तो, काढून गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचा हॉज (दोर जायची फट असलेला न फिरणारा तुकडा) लावा, ज्या रोलरवर आधी स्टीलची वायर घासलीय त्यावर सिंथेटिक कधीच नको, त्या खाचा दोर खातात. आणि ड्रमवर शेवटचे वेढे ठेवायला विसरू नका, स्टीलला कमीत कमी पाच, सिंथेटिकला आठ-दहा, कारण दोराचं टोक ज्या स्क्रूने धरलेलं असतं तो भार घेण्यासाठी नसतोच, पकड त्या वेढ्यांची असते.

गिअरपेटी:
पुलीबद्दल रानवाट यांनी एका शब्दात सांगितलं पण मला वाटतं या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. दोर पुढे नेऊन पुलीतून वळवून परत गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला (ओढण्यासाठीच्या मजबूत हुकाला) अडकवला की गाडीवर खेच जवळजवळ दुप्पट येते, घर्षणात थोडी जाते. वेग निम्मा होतो, होऊ दे. पण याहून महत्त्वाचं म्हणजे दोर दुप्पट बाहेर निघतो, म्हणजे ड्रमवर थर कमी उरतात आणि विंच तिच्या खऱ्या आकड्याच्या जवळ पोचते. मोटरवर भार निम्मा, करंट कमी, तापणं कमी, बॅटरी टिकते. स्वस्तातली विंच पुलीसोबत जे काम निवांत करेल तेच काम महागडी एकेरी दोरावर कण्हत करेल. फक्त एक लक्षात ठेवा, पुली जिथे बांधली त्या झाडावर, पट्ट्यावर आणि शॅकलवर दुप्पट भार येतो, त्यामुळे तिथलं सामान विंचपेक्षा दुप्पट ताकदीचंच हवं, तिथे काटकसर अजिबात नाही.

एकलव्य_फोरबायफोर:
मी थोडा विरोधात जातो. वरचं सगळं बरोबर आहे पण मूळ प्रश्नात एक वाक्य होतं की दोघंच जातो आणि रेंज नसते. ग्रुपमध्ये विंच अडली तर दुसरी गाडी ओढते, दोघांमध्ये विंच हीच दुसरी गाडी. तिथे उघडून ग्रीस भरून सील करण्याचा उत्साह आणि हात ज्याला आहेत त्याने स्वस्तातली घ्यावी, ज्याला नाहीत त्याने मधली तरी घ्यावी. मधली म्हणजे नावाजलेल्या कंपन्यांची खालची श्रेणी, उदाहरणार्थ वॉर्नच्या व्हीआर मालिकेसारखी, जिचा आयपी नंबर नीट दिलेला असतो, सुटे भाग मिळतात आणि किंमत वरच्या श्रेणीपेक्षा बरीच कमी असते. स्पर्धेत उतरणाऱ्यांना वरची श्रेणी लागते, त्यांची विंच दिवसभर चालते. तुम्हाला वर्षातून मोजक्या वेळा लागणार, पण त्या वेळी चाललीच पाहिजे. माझा सल्ला मधली घ्या आणि वायरलेस रिमोटच्या भरवशावर राहू नका, वायरचा रिमोट गाडीत असलाच पाहिजे.

चिखलखुणा:
मधली श्रेणी मनात नव्हतीच, आता तिकडेच कल झालाय. सोबत पुली आणि पट्टा आधी घेतो. शेवटचं, बॅटरी बदलावी लागेल का?

पाना_बारा:
आहे ती आधी तपासून घ्या, जुनी असेल तर बदला आणि कोल्ड क्रँकिंग अँपियर (थंडीत इंजिन चालू करायला बॅटरी देऊ शकते तो करंट) जास्त असलेली घ्या. दुसरी बॅटरी लावायची घाई नको, इंजिन चालू ठेवून, थोडी रेस ठेवून, अर्धा-एक मिनिट खेचायचं मग थांबायचं, असं केलं तर एक चांगली बॅटरी पुरते. अल्टरनेटर शंभर-सव्वाशे अँपियरचा, विंच चारशे मागते, बाकीचं बॅटरीतूनच जातं, ते परत भरायला वेळ द्यावा लागतो. थांबलात की मोटरला हात लावून बघा, हात ठेवता येत नसेल तर अजून थांबा. बॅटरी आणि विंचच्या मध्ये आयसोलेटर स्विच लावा, काम नसताना विंचला करंटच जाता कामा नये, टक्कर होऊन केबल चेपली तर आग लागू शकते. आणि बसवताना खालची प्लेट चॅसीला बोल्ट केलेली हवी, नुसत्या बंपरच्या पत्र्याला नाही. बोल्ट विंच कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच वापरा आणि पहिल्या जड खेचीनंतर पुन्हा आवळा.