पहाटेची राइड आणि पोट साफ होण्याचा प्रश्न : तुमचे अनुभव सांगा

रविवारी पहाटे सव्वापाचला आमचा सायकलचा गट पुण्यात नळ स्टॉपला जमतो. तिथून खडकवासला, डोणजे, आणि ज्याच्या पायात जोर असेल त्याच्यासाठी पुढे सिंहगडाचा घाट. मला या गटात दीड वर्ष झालं. त्यातल्या पहिल्या सहा महिन्यांत मी जवळजवळ निम्म्या राइड चुकवल्या. रात्री झोपायला उशीर झाला, टायर पंक्चर आहे, घरी पाहुणे आलेत, अशी कारणं दिली आणि ती सगळी खोटी होती. खरं कारण एकच होतं. माझं पोट सकाळी सव्वासातला साफ होतं आणि ते झाल्याशिवाय घराबाहेर पडायची मला भीती वाटते.

एकदा धीर करून तसाच निघालो. खडकवासल्यापर्यंत काही जाणवलं नाही. डोणज्याच्या पुढे चढ लागला आणि घाटाच्या सुरुवातीलाच जोराची कळ आली. एका चहाच्या टपरीवरच्या मावशींना विचारलं. त्यांनी काही न बोलता घराच्या मागचा संडास दाखवला आणि बादलीभर पाणी दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यानंतर दोन महिने सायकलला हात लावला नाही.

नंतर हळूहळू बसवत आणलं. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आणलं. उठायची वेळ फक्त रविवारी न बदलता रोजची बदलली, दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे. सातवरून साडेचारवर यायला अडीच महिने लागले. आता चारपैकी तीन रविवारी पाचच्या आत मोकळा होतो. चौथ्या रविवारी अजूनही होत नाही आणि का होत नाही ते मला कळलेलं नाही.

गिअर, टायर, सीट यांवर आपण तासन् तास बोलतो. या विषयावर कुणी बोलत नाही, आणि माझी खात्री आहे की कित्येक जण याच एका कारणाने पहाटेची सायकल सोडून देतात. म्हणून विचारतो. तुम्ही काय करता? काय जमलं, काय फसलं? आडपडदा न ठेवता लिहा.

*

सातारा, वय ६३

मी एसटीत चालक होतो, ३१ वर्षं. सायकल धरली ती निवृत्तीनंतर. मुक्कामी गाडी असली की रात्री गावात झोपायचं आणि पहाटे साडेपाचला गाडी हलवायची. एकदा गाडी सुटली की तास-दीड तास खाली उतरणं नाही, मागे चाळीस माणसं बसलेली. त्यामुळे हा अभ्यास नोकरीनेच करून घेतला.

उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी. मग गाडीभोवती फेरी मारायची, टायर बघायचे, पाणी-ऑइल बघायचं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं चालणं आपोआप व्हायचं. मग गरम चहा. चहा संपेपर्यंत कळ आलेली असायची. आजही तसंच करतो, फक्त गाडीच्या जागी सायकल आहे. चेन पुसतो, हवा तपासतो, मग चहा. हा क्रम मोडत नाही.

आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळेला उठायचं. सहा दिवस सातला उठायचं आणि एकच दिवस चारला, तर पोटाला कसं कळावं? आमच्यातल्या ज्यांनी वर्षानुवर्षं कळ दाबून गाड्या चालवल्या, त्यांतल्या पुष्कळांना पुढे मूळव्याधीने गाठलं. तेवढं मात्र कुणी करू नका.

*

कोल्हापूर

माझा अनुभव शनिवार रात्रीचा आहे. रविवारी पन्हाळा करायचा आणि शनिवारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा, हे दोन्ही जमत नाही. वर्षभर प्रयत्न केला. आता शनिवारी मऊ मुगाची खिचडी, तूप, कढी. मटण रविवारी दुपारी.

*

नाशिक, वय ३९

बाईच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहिते.

आमची अडचण आदल्या दिवसापासून सुरू होते. रस्त्यात लघवीला जागा मिळणार नाही, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. मी तीन वर्षं हेच केलं. शनिवारी दुपारपासून पाणी कमी, पहाटे दोनच घोट, त्र्यंबकपर्यंत बाटलीला हात नाही. याचा परिणाम लघवीवर होतो तसा पोटावरही होतो. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मळातलं पाणी जास्त शोषून घेतं आणि मळ खड्यासारखा होतो. शनिवारी वाचवलेलं पाणी मी सोमवारी, मंगळवारी कुंथून फेडत होते.

त्यात माझं हिमोग्लोबिन कमी निघालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पोट आणखी घट्ट झालं, रंगही काळा. घाबरून डॉक्टरांना फोन केला, तेव्हा कळलं की या गोळ्यांनी दोन्ही होतं. त्यांनी गोळीचा प्रकार बदलून दिला.

पाळीच्या पहिल्या दिवशी सगळं याच्या उलट. सकाळपासून तीन-चार वेळा जावं लागतं. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून शरीरात जी द्रव्यं तयार होतात, त्यांचा परिणाम शेजारच्या आतड्यांवरही होतो. हे मला वयाच्या ३६व्या वर्षी कळलं. तोवर वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलंय. आता तारीख जवळ असली की मी लांबची राइड घेत नाही, किंवा शहराबाहेर पडत नाही. गटात तसं स्पष्ट सांगते. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती, पण गटातल्या दोघी नंतर जवळ येऊन म्हणाल्या, आमचंही असंच होतं.

पाण्याचं म्हणाल तर आता भरपूर पिते. आमच्या नेहमीच्या तिन्ही रस्त्यांवरचे पेट्रोल पंप, हॉटेलं आणि तिथले संडास कसे आहेत याची यादी आम्ही बायकांनी मिळून केली आहे. कुठे कडी लागते, कुठे पाणी असतं, पहाटे साडेपाचला कुलूप असतं की नाही, सगळं त्यात आहे. राइडचा मार्ग ती यादी बघून ठरतो.

*

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, फिजिशियन. स्वतःही सायकल चालवतो. थोडं लिहितो.

झोपेत मोठं आतडं जवळजवळ शांत असतं. जाग आली, उभे राहिलो, की त्याची हालचाल वाढते. त्यावर पोटात काही गेलं, विशेषतः नाश्ता किंवा गरम पेय, की जठर ताणलं जातं आणि मोठ्या आतड्याला पुढे ढकलण्याचा इशारा मिळतो. पुष्कळांना पहिल्या अर्ध्या तासात कळ येते ती यामुळेच. सातारच्या काकांचा पाणी, चालणं, चहा हा क्रम शास्त्राला अगदी धरून आहे. कॉफीने काही जणांना चार-पाच मिनिटांतच कळ येते, सगळ्यांना नाही. कॅफिन काढलेल्या कॉफीनेही ते होऊ शकतं, म्हणजे सगळं काम कॅफिनचं नाही.

पण या सगळ्याला शरीराचं घड्याळ असतं. पहाटे चारला गजराने उठवलं तरी आतड्याच्या लेखी अजून रात्रच असते. म्हणून धागाकर्त्याने पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ सरकवली हे उत्तम केलं. चौथ्या रविवारचं म्हणाल तर त्या आठवड्यात झोप, जेवण किंवा प्रवासात काय वेगळं होतं ते दोन महिने लिहून ठेवा.

कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की गुदद्वाराजवळचा एक स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. आपल्या जुन्या पद्धतीच्या बैठकीत हे आपोआप घडतं. आत मोबाईल नेऊ नका. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, कुंथत बसू नका. पोट साफ न होता निघालात तर आकाश कोसळत नाही. पुष्कळ निरोगी माणसं एक दिवसाआडही जातात.

*

मुंबई, अंधेरी

माझी चूक सांगतो, म्हणजे दुसरा कुणी करणार नाही.

माझी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. साडेतेरा तासांत पूर्ण करायची, सुरुवात सकाळी सहाला. आदल्या रात्री लॉजवर, नवी जागा, नवा पलंग. पोट होणार नाही या भीतीने रात्री दहाला पोट साफ करणारं चूर्ण घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि दुप्पट. सकाळी काही झालं नाही. साडेसातला खंबाटकी घाटात पोट पिळवटायला लागलं. पुढच्या दोन तासांत चार वेळा थांबलो. अंगातलं पाणी गेलं, पिंढरीत गोळे आले, ११० किलोमीटरवर सोडून दिलं.

नंतर पुडीवर वाचलं, त्यात सोनामुखी ही रेचक वनस्पती होती. तिला काम करायला साधारण सहा ते बारा तास लागतात. म्हणजे दहाला घेतलेलं चूर्ण बरोबर घाटात लागू पडलं. दोष चुर्णाचा नाही, माझ्या घाईचा.

आता इसबगोल घेतो, पण तोही शनिवारी रात्री घेऊन रविवारी उपयोग नाही. तो रोज घ्यावा लागतो, परिणाम दिसायला एक ते तीन दिवस जातात, आणि वर मोठा ग्लासभर पाणी प्यायलंच पाहिजे. कमी पाण्यात घेतला तर उलट बद्धकोष्ठता वाढते. राइडच्या आदल्या दिवशी नवं काहीही पोटात घालायचं नाही, हा माझा नियम झाला आहे.

*

पुणे, वय २४

माझा प्रश्न उलटा आहे. मला तीनदा जावं लागतं. साध्या राइडला नाही, पण स्पर्धा असली, अनोळखी गट असला की पहाटे साडेतीनपासून सुरू. तिसऱ्यांदा नुसतं पाणी. आई म्हणायची, मनात धास्ती घेतोस. ते खरंच आहे, मन आणि आतडं जोडलेलं असतं हे मी स्वतःवर पाहिलंय.

पण एक गोष्ट उशिरा लक्षात आली. अशा दिवशी ताकद यावी म्हणून आई मोठा पेलाभर दूध द्यायची. एकदा दूध नव्हतं, केळं आणि भाकरी-गूळ खाऊन गेलो, तर एकदाच जावं लागलं. मग महिनाभर पाहिलं. दह्या-ताकाने काही होत नाही, पेलाभर दुधाने होतं. आता पहाटे दूध नाही. आणि निघायच्या वेळेआधी दोन तास उठतो, म्हणजे दुसऱ्यांदा जावं लागलं तरी धावपळ होत नाही. ती धावपळच अर्धी धास्ती होती.

*

दुबई

इथे उन्हाळ्यात साडेचारलाच सायकलवर बसावं लागतं, नंतर ऊन अंग भाजून काढतं. अल कुद्राचा सायकलमार्ग वाळवंटातून जातो. मध्ये लांबपर्यंत आडोसा नाही. म्हणजे घरूनच मोकळं होऊन निघायचं, दुसरा पर्यायच नाही.

मी तीनला उठतो, म्हणून नऊला झोपतो, म्हणून साडेसहाला जेवतो. ऑफिसमधले सहकारी चेष्टा करतात, बायकोने मात्र पहिल्या आठवड्यापासून साथ दिली. दोघंही लवकर जेवतो. रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, झोपताना भिजवलेल्या काळ्या मनुका. पूर्वी इथे आल्यावर मैद्याचे पाव आणि चिकन यांवर दिवस काढायचो, तेव्हा तीन-तीन दिवस पोट होत नसे. गोळ्या, औषधं सगळं केलं. भाकरीने जे केलं ते कशाने केलं नाही. पीठ आईच्या ओळखीच्या गिरणीतून येतं, वर्षातून दोनदा, बॅगेत कपड्यांपेक्षा तेच जास्त असतं.

एक सांगतो. साखरविरहित म्हणून मिळणाऱ्या एनर्जी बार आणि गोळ्या जपून खा. त्यांतल्या काहींमध्ये साखरेऐवजी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल अशी गोड द्रव्यं असतात, जास्त खाल्लं की पोट ढिलं होतं. माझ्या मित्राला वाळवंटाच्या मधोमध त्रास झाला.

*

पनवेल, वय ५१

पाट आजच सुताराकडून आणला, डॉक्टरांनी सांगितला तसा. माझं चार-पाच महिन्यांपासून बिघडलंय. आधी रोज सहाला ठरलेलं, आता कधी दोन दिवस नाही, कधी दिवसातून तीनदा. सायकलमुळे असेल म्हणून सीट बदलून पाहिली. अधूनमधून रक्तही दिसतं, पण ती जुनी मूळव्याध आहे, वडिलांनाही होती. पहाटे काही घरगुती उपाय असेल तर सांगा.

*

फिजिशियन

पनवेलचे दादा, तुम्हाला घरगुती उपाय सांगणार नाही. पन्नाशी ओलांडल्यावर सवय अचानक बदलणं आणि रक्त दिसणं, हे दोन्ही एकत्र आलं की आधी तपासून घ्यायचं असतं. ती मूळव्याधच असेल, बहुतेकदा तीच असते. पण ते न बघता ठरवायचं नाही. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, ते म्हणाले तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करा. वजन कमी झालंय का? थकवा? कुटुंबात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का? हे सगळं त्यांना सांगा. सायकल आणि पाट नंतर बघू.

*

सातारा, वय ६३

दादा, डॉक्टर सांगतात ते आजच करा. माझा एक सोबती चालक रक्त दिसत असताना दोन वर्षं मूळव्याध म्हणून मलम लावत राहिला. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही.

*

पनवेल, वय ५१

बायकोला हे सगळं वाचायला दिलं. तिने लगेच फोन लावला. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. वजन तीन किलो कमी झालंय, ते मी सायकलचं समजत होतो. डॉक्टरांना सांगतो. काय म्हणाले ते इथे येऊन लिहीन.