हातात धरण्याचा गेमिंग पीसी: पडदा पाहावा, बॅटरी पाहावी की आणखी काही?

प्रश्न

स्टीम डेक ओएलईडी, आरओजी ॲलाय एक्स आणि लिजन गो यांपैकी एक घेण्याचा माझा विचार आहे. माझे जवळजवळ सगळे गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेले आहेत, त्यांत मोठे कथाप्रधान गेम अधिक आहेत, आणि मित्रांबरोबर अधूनमधून फोर्टनाइटही खेळतो. खेळणे मुख्यतः प्रवासात होणार असल्यामुळे चार्जिंगची सोय असेलच असे नाही. लिजन गोचा 8.8 इंची, 2560 × 1600 पिक्सेलचा पडदा मनात भरला आहे. त्याला प्राधान्य द्यावे का?

प्रतिसाद 1

पडदा निवडताना तो किती पिक्सेल दाखवतो यापेक्षा आतली चिप त्यांतले किती पिक्सेल वेळेत तयार करू शकते हे पाहावे. स्टीम डेकच्या 1280 × 800 पडद्यावर सुमारे 10 लाख पिक्सेल आहेत आणि लिजन गोवर त्याच्या चौपट. या यंत्रांत वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असून मेमरीही सामायिक असते, त्यामुळे नवे, जड गेम लिजन गोवरही बहुधा 1280 × 800 वरच चालवावे लागतात. (दोन्ही बाजूंची मापे नेमकी निम्मी होत असल्याने चित्र तरी नीट बसते.)

तुमच्या वापरात बॅटरी अधिक मोलाची ठरेल. डेक ओएलईडीमध्ये 50, लिजन गोमध्ये 49.2 आणि ॲलाय एक्समध्ये 80 वॉट-अवर क्षमता आहे. या आकड्याला संपूर्ण यंत्राच्या वीजवापराने भागले की खेळण्याचे तास मिळतात. मात्र कंपनी सांगते ते 15 किंवा 25 वॉट केवळ चिपचे असतात आणि पडदा, पंखा, वाय-फाय यांचा खर्च त्यावर पडतो. यंत्र एकूण 25 वॉट घेत असेल, तर डेक दोन तास चालेल आणि ॲलाय एक्स तीन तासांहून थोडे अधिक.

कथाप्रधान गेमसाठी सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, मर्यादा 40 वर ठेवून पाहा, असे मी आग्रहाने सुचवेन. 30 फ्रेमला प्रत्येक चित्र 33.3 मिलिसेकंद टिकते, 60 ला 16.7, आणि 40 ला 25, म्हणजे बरोबर मध्यावर. त्यामुळे हालचाल 30 पेक्षा स्पष्टपणे सहज वाटते आणि 60 पेक्षा वीज बरीच कमी लागते.

प्रतिसाद 2

वरील हिशेब योग्य आहे, पण तुमच्या प्रश्नातला निर्णायक शब्द फोर्टनाइट हा आहे. डेकवरील स्टीमओएस ही कार्यप्रणाली लिनक्सवर आधारलेली असून विंडोजचे गेम ती प्रोटॉन या जुळवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चालवते. स्टीमवरील असंख्य गेम त्यामुळे सुरळीत चालतात, परंतु खेळात होणारी फसवणूक रोखणारी फोर्टनाइटची यंत्रणा तेथे अडते आणि स्टीमओएसवर तो खेळता येत नाही. उरलेली दोन यंत्रे विंडोजवर असल्याने तेथे ही अडचण नाही. याउलट, बटण दाबून गेम मध्येच निजवणे आणि नंतर त्याच क्षणापासून पुढे खेळणे डेकवर जितक्या भरवशाने होते, तितके विंडोजवर होत नाही. प्रवासात मी या सोयीला फार महत्त्व देतो.

प्रतिसाद 3

वजनही पाहा. डेक ओएलईडी 640 ग्रॅम, ॲलाय एक्स 678 ग्रॅम आणि कंट्रोलरसह लिजन गो 854 ग्रॅम आहे. लिजन गोचे कंट्रोलर सुटे होतात आणि मागे टेकूही आहे, त्यामुळे टेबलावर ठेवून खेळणाऱ्याला ते सोयीचे आहे. हातात धरून दीर्घकाळ खेळताना मात्र मनगटांवर ताण येतो.

प्रश्नकर्ता

फोर्टनाइट घरच्या संगणकावर खेळता येईल, त्यामुळे आता कल डेककडे आहे. साठवण नंतर वाढवता येते का?

प्रतिसाद 2

येते. मायक्रोएसडी कार्ड हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि बरेचसे गेम त्यावरून व्यवस्थित चालतात. आतली एसएसडी (गेम साठवणारी चिप-पट्टी) बदलायची असेल, तर डेकसाठी 2230 या आखूड मापाचीच घ्यावी. लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारी 2280 मापाची त्यात बसत नाही, ती ॲलाय एक्समध्ये बसते.