लाईट आल्यावर टीव्ही, राऊटर, सेटटॉप एकदम गेले, आणि आज शेजाऱ्यांचा अ‍ॅडॅप्टर पण

कोरेगावचा_दाद्या

नमस्कार मंडळी, मोबाईलवरनं टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या. काल साडेपाचच्या दरम्यान वळीव आला, वारं असं की दारातल्या शेवग्याची फांदी मोडून थेट पोलवरच्या तारांवर, आणि लाईट गेली ती अडीच तासांनी आली. आली तेव्हा देवघरातला जुना ६० चा पिवळा बल्ब एवढा पांढराफटक पेटला की आई म्हणाली हे काय आणि, हॉलचा फॅन एक नंबरवर असून भिंगरीगत पळायला लागला. दोन-तीन मिनिटं गेली असतील, टीव्हीच्या मागनं टच्च असा आवाज आला, जळका वास, टीव्ही बंद. बघतो तर राऊटरचे सगळे दिवे गेलेले, सेटटॉप पण मेलेला. फ्रीज बंद, त्याच्या स्टॅबिलायझरवर लाल दिवा. बेडरूमचा फॅन आणि ट्यूब इन्व्हर्टरवर आहेत त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. एमसीबी एकही पडला नाही याचंच आश्चर्य वाटतं, मग तो लावलाय कशाला?

आता खरी गंमत. आज सकाळी सगळं नॉर्मल वाटत होतं, उजेड बरोबर, फॅन बरोबर. म्हटलं राऊटरचा अ‍ॅडॅप्टरच गेला असेल, शेजारच्या काकांकडे तसलाच आहे तो आणून लावला, राऊटर चालू झाला, मी खुश. पंधरा-वीस मिनिटांत तो पण गेला, गरम होऊन वास मारत होता. काका अंघोळीला गेले होते म्हणून अजून त्यांना सांगितलं नाहीये 😐 विशेष म्हणजे काल त्यांच्याकडे एकही वस्तू गेली नाही, उलट ते म्हणतात आमच्याकडे बल्ब मिणमिणत होता.

टीव्ही उघडून बघू का? मला सोल्डरिंग थोडंफार जमतं. का सगळं भंगारात?

सिन्नरचा_पिंट्या

भावा टेन्शन घेऊ नको, माझा पण टीव्ही लाईट गेल्यावर असाच बंद पडलेला. प्लग काढ, टीव्हीवरचं पॉवर बटण एक मिनिटभर दाबून धर, मग पाच-दहा मिनिटांनी लाव, चालू होतो. नाही झाला तर मागचं झाकण उघड, आत काचेचा फ्युज असतो तो उडाला असेल, तारेचा एक पदर टाक की काम झालं, दुकानात गेलास तर पाचशे-सातशेला कापतील.

जुना_रेडिओवाला

दाद्या, हे वाचत असशील तर आधी उठ आणि मेन स्विच खाली कर, बाकीचं नंतर वाच. इन्व्हर्टरवर राहा तोपर्यंत. आणि त्या सॉकेटला आता तिसरी वस्तू लावू नकोस.

मी २८ वर्षं रिपेरिंगचं दुकान चालवलं, आता बंद केलंय. एक वस्तू गेली तर वस्तूत बघायचं. तीन वस्तू एका मिनिटात गेल्या तर वस्तूत काय बघतोस, लाईनीत बघ. तुझं न्यूट्रल (करंट परत जायची तार) गेलंय, आणि ते तुझ्या घरातलं नाही, पोलवरचं किंवा डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं). घरातलंच तुटलं असतं तर तुझ्याकडे नुसता अंधार झाला असता, बल्ब पांढरा झाला नसता.

कसं होतं सांगतो. डीपीवरनं तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल निघतं. तुझं घर एका फेजवर, काकांचं दुसऱ्या. फेज ते न्यूट्रल २३०, पण फेज ते फेज ४०० च्या वर. सगळ्यांचं न्यूट्रल एकच, ते मध्ये कुठं तुटलं की तुझं घर आणि काकांचं घर एकामागं एक जोडल्यासारखं होतं, आणि ते ४०० दोघांत वाटले जातात. वाटणी सारखी होत नाही. ज्याच्या घरात लोड जास्त त्याला व्होल्टेज कमी, ज्याच्या घरात लोड कमी त्याला जास्त. म्हणून काकांचा बल्ब मिणमिणला आणि तुझा पेटला. फांदी पडली तेव्हा जॉइंट हलला असणार.

आता सकाळचं. अ‍ॅडॅप्टर गेला तेव्हा काका अंघोळीला गेले होते म्हणतोस ना? त्यांच्याकडे गिझर आहे का विचार. जॉइंट पूर्ण तुटलेला नसेल, लूज असेल. बारीकसारीक लोडला धरतो, म्हणून सकाळी सगळं नॉर्मल वाटलं. २ किलोवॅटचा गिझर लागला की सोडतो, आणि सगळा ताण तुझ्या गरीब अ‍ॅडॅप्टरवर.

एमसीबीचं म्हणशील तर तो करंट जास्त झाला की पडतो, व्होल्टेज किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. घरात ईएलसीबी असला तरी तेच, तो करंटची गळती बघतो.

पिंट्या, तुझ्यावर रागवत नाही, पण फ्युजच्या जागी तार टाक हा सल्ला देऊ नकोस रे. फ्युज उगाच उडत नाही, त्याच्या पुढं काहीतरी शॉर्ट झालेलं असतं म्हणून उडतो. तार टाकलीस तर मग बोर्डाचा ट्रॅक जळतो, किंवा टीव्हीच पेटतो. बटण दाबून धरायची युक्ती खोटी नाही, पण ती कधी, तर लाल दिवा लागतोय आणि टीव्ही उठत नाहीये तेव्हा. ह्याच्या टीव्हीला दिवाच नाही, वर वास आलाय. तिथं बटण दाबून काय होणार.

सिन्नरचा_पिंट्या

ओके काका, पण माझा तारेवर दीड वर्ष चाललाय हां 😄

जुना_रेडिओवाला

आजच काढ ती तार.

सावंतवाडीची_मावशी

आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर हेच चालू असतं त्यामुळे अनुभवावरून सांगते. दाद्या, मल्टिमीटर नसेल तर साध्या टेस्टरने पण अंदाज येतो. घरात एखादा बल्ब चालू ठेवून सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लावून बघ, न्यूट्रलच्या भोकात पण टेस्टर पेटला तर रेडिओवाल्या काकांचं म्हणणं बहुतेक बरोबर. मीटर असेल तर फेज-न्यूट्रल बघ आणि न्यूट्रल-अर्थ पण बघ, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट ठीक, वीस-तीसच्या वर गेलं तर गडबड आहे. एलईडी बल्बवर भरवसा ठेवू नकोस, तो १५० ला पण तसाच आणि २८० ला पण तसाच पेटतो, तुमच्या देवघरातल्या पिवळ्या बल्बानेच खरं सांगितलं. (आमच्याकडे मी अजून एक ६० चा मुद्दाम ठेवलाय ह्याच कामासाठी, मुलं हसतात.)

१९१२ ला फोन करून तक्रार नोंदव आणि नंबर लिहून घे, नुसतं ओळखीच्या वायरमनला सांगून थांबू नकोस. पोलवर स्वतः चढायचं नाही आणि ती फांदी काठीने पण काढायची नाही, ओली काठी म्हणजे तारच.

फ्रीज वाचला असणार. स्टॅबिलायझरचा लाल दिवा म्हणजे त्याने व्होल्टेज जास्त बघून फ्रीजची लाईन तोडली, त्याचं कामच ते. लाईन नीट झाली की फ्रीज लगेच सुरू होत नाही, तीनेक मिनिटं स्टॅबिलायझर थांबवून ठेवतो, तेव्हा चालूबंद चालूबंद करू नका. कॉम्प्रेसरमधलं प्रेशर उतरल्याशिवाय त्याला उचलता येत नाही, जबरदस्ती केली की नुसता हुंकार देतो आणि टक करून ओव्हरलोड पडतो.

राऊटरचं म्हणशील तर अ‍ॅडॅप्टर बदलल्यावर फायबरच्या डब्यावर एलओएस (फायबरचा सिग्नल येत नाही असं सांगणारा दिवा) लाल दिसला तर घाबरू नकोस, तो अ‍ॅडॅप्टरचा दोष नसतो, घरातली फायबरची पिन सैल झालीय किंवा वायर वाकलीय का बघ, नाहीतर बाहेर फायबर तुटलीय किंवा इंटरनेटवाल्यांकडची लाईट गेलीय.

कोरेगावचा_दाद्या

काकांकडे गिझर आहे!! आणि ते साडेसातला अंघोळीला जातात, अ‍ॅडॅप्टर पावणेआठला गेला. अंगावर काटा आला राव.

मेन बंद केलाय. चुलतभाऊ आयटीआयचा आहे, तो मीटर घेऊन आला, पाच मिनिटांपुरता मेन वर करून बघितलं. तेव्हा २३८ व्होल्ट. मग काकांना गिझर लावायला सांगितला तर ३१२ !! गिझर बंद, परत २४० च्या आसपास. काकांना अ‍ॅडॅप्टरचं पण सांगून टाकलं, ते म्हणाले म्हणजे माझ्याच गिझरने माझाच अ‍ॅडॅप्टर घालवला.

१९१२ ला तक्रार दिली. अजून एक विचारायचं होतं, राऊटर स्पाईक बस्टरला लावलेला होता, साडेआठशेला घेतलेला, त्याने का नाही वाचवलं?

जुना_रेडिओवाला

कारण तो स्पाईकसाठी आहे, नाव काय आहे बघ की. त्याच्या आत एक निळी किंवा पिवळी चपटी गोळी असते, एमओव्ही म्हणतात, व्हॅरिस्टर. वीज चमकली, जवळ कुठं मोठी मोटार बंद झाली तर क्षणभराचा झटका ती पिऊन टाकते. पण मिनिट मिनिट ३००-३५० येत राहिलं तर ती स्वतःच तापून फुटते. तुझ्या टीव्हीतला टच्च आवाज बहुतेक तिचाच.

टीव्ही उघडायचा म्हणतोस तर ऐक. प्लग काढलेला असला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट डीसी बसलेले असतात, सप्लाय मेलेला असेल तर ते उतरायला वाट नसते, तासभरानंतर पण झटका देतात. माझ्या उजव्या अंगठ्यावर खूण आहे अजून. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही, होल्डरमधला बल्ब त्याच्या दोन पायांना लावून उतरवायचं, मग मीटरने बघायचं शून्य झालं का.

मग सप्लाय बोर्डवर जिथं मेनची वायर येते तिथं फ्युज बघ, बहुतेक ३.१५ अँपिअर २५० व्होल्टचा असतो. काच काळी झाली असेल तर शॉर्ट जोरात झालाय. शेजारीच ती गोळी असेल, १०डी४७१ किंवा १४डी४७१ लिहिलेली. फुटली असेल तर काढून टाक आणि फ्युजच्या पुढं शॉर्ट आहे का मीटरने बघ. शॉर्ट गेला असेल तर तू नशीबवान, गोळी स्वतः मेली आणि बोर्ड वाचवला. नवीन गोळी त्याच नंबरची, नवीन फ्युज त्याच नंबरचा. गोळीशिवाय पण टीव्ही चालतो, पण लावल्याशिवाय झाकण लावू नको.

मोठ्या कपॅसिटरचं डोकं पण बघ. त्याच्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि फेज-फेजचे ४०० आले तर त्याच्यावर साडेपाचशेच्या वर जातात. फुगला असेल, खाली चिकट पाणी असेल, तर बदल.

पहिल्यांदा चालू करताना थेट लावायचा नाही, १०० चा पिवळा बल्ब सिरीजमध्ये (टीव्हीच्या एका तारेत मध्येच) घालून लाव. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक. फुल पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, बंद कर आणि दुकानात ने. यातलं काही जड वाटलं तर उघडूच नकोस, त्यात कमीपणा नाही.

सावंतवाडीची_मावशी

इन्व्हर्टरवरचं का वाचलं ते राहिलं. तुमचा इन्व्हर्टर यूपीएस मोडला असणार, त्यात २६० च्या आसपास गेलं की तो लाईन तोडून बॅटरीवर जातो. मागं त्या मोडचं एक बटण असतं बघ. राऊटर त्याच्यावरच घ्या यापुढे.

आणि एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेजचा प्रोटेक्टर मिळतो, आकडा दाखवतो, २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की पूर्ण घराची लाईन तोडतो आणि नीट झालं की थोडं थांबून जोडतो. आमच्याकडे बसवल्यापासून चार वेळा पडलाय. घराचा लोड बघून घ्या, चुलतभाऊ सांगेल.

कोरेगावचा_दाद्या

तीन दिवसांनी लिहितोय. वायरमन दुसऱ्या दिवशी दुपारी आला, आधी खालनंच म्हणाला लाईट आहे की तुमची, सगळं ओके आहे. चुलतभावाने गिझर लावून मीटर दाखवला तेव्हा चढला. पोलवर न्यूट्रलचा जंपर (जोडणारा तारेचा तुकडा) होता तो अर्धा गंजलेला आणि जळून काळा, फांदीने ओढला गेलेला. नवीन टाकला. आता गिझर लावला तरी २३४-२३६.

फ्रीज ठणठणीत. टीव्ही उघडला, रेडिओवाल्या काकांनी सांगितलं डिट्टो तसंच, फ्युज काळा आणि गोळीचे दोन तुकडे, एक तुकडा झाकणाला चिकटलेला. गोळी आणि फ्युज मिळून चाळीस रुपये लागले. सिरीज बल्ब चमकला आणि मंद झाला तेव्हा मी आणि चुलतभाऊ दोघंच ओरडलो, आई पळत आली. टीव्ही चालू. सेटटॉपला दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून बघितला तरी काहीच नाही, तो गेला, अ‍ॅडॅप्टरने त्याला पण नेला वाटतं.

राऊटरला आता काय घेऊ? जुन्यावर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय, दुकानात १२ व्होल्ट २ अँपिअर आहे, जास्त झालं म्हणून जळणार नाही ना? आता भीतीच बसलीय.

जुना_रेडिओवाला

नाही जळणार. व्होल्ट तेवढाच पाहिजे, अँपिअर जास्त चालतो, कमी चालत नाही. राऊटर लागेल तेवढाच ओढतो. फक्त पिनचं चित्र बघ, मधला प्लस आहे का, दोन्हीवर सारखं पाहिजे. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात म्हणून काकांचा घेताना त्यांच्या डब्यावर वेगळं वाच. त्यांचा पण तूच आणून देणार आहेस ना?

कोरेगावचा_दाद्या

दोन घेतले, दोन्ही १२ चे. काकांचा देऊन आलो, म्हणाले गिझर लावायच्या आधी तुला फोन करत जाऊ का.