स्मार्ट लॉक मेलं आणि आई बाहेर अडकली, बॅकअप म्हणून नक्की काय ठेवू?

मनीप्लांट, पुणे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज. दीड वर्षापूर्वी आम्ही मेन दाराला स्मार्ट लॉक बसवलं, बोटाचा ठसा, पिन, कार्ड, ॲप सगळं असलेलं. बसवलं ते आईसाठीच, ती 72 वर्षांची आहे आणि चावी कुठेतरी ठेवून विसरायची, त्यामुळे मला वाटलं बोट तर काही ती विसरणार नाही. गेल्या गुरुवारी संध्याकाळी ती दत्ताच्या देवळातून आली तर लॉक पूर्ण बंद, हात लावला तरी पॅडवर लाइटच लागेना. मी हिंजवडीला ऑफिसमध्ये, नवरा नाशिकला, आणि लॉकबरोबर मिळालेल्या दोन्ही चाव्या घरात टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये! आई दोन तास शेजारच्या काकूंकडे बसून राहिली, तिची शुगरची गोळी आत, जेवण आत. ट्रॅफिकमधून मी पोचले, चावीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला ड्रिल मारावं लागेल. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचा गिटार वाजवणारा मुलगा त्याच्या गिटारमधली चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी काढून घेऊन आला, लॉकच्या खालच्या कडेला दोन धातूचे ठिपके आहेत तिथे टेकवून धरली आणि मी बोट लावलं तर दार उघडलं. ते ठिपके मी दीड वर्ष स्क्रू समजत होते.

नंतर कळलं की सेल संपत आलेत असं नोटिफिकेशन नवऱ्याच्या फोनवर येत होतं आणि त्याने ते बघितलंच नव्हतं. लॉक तीन आठवडे वेगळ्या आवाजात वाजत होतं, आईला वाटलं दार लागल्याचा आवाज आहे.

तर प्रश्न असा की आई एकटी असताना तिला स्वतःला जमेल असा बॅकअप कोणता? सगळं काढून परत साधं लॅच लावू का? मला खरंच झोप लागत नाहीये.

मल्टीमीटर, पुणे

ताई, लॉक काढू नका, सेलची शिस्त लावा. बहुतेक लॉकमध्ये चार पेन्सिल सेल असतात, दीड-दीड व्होल्टचे, म्हणजे मिळून 6 व्होल्ट, काहींमध्ये आठ असतात. सेल उतरायला लागले की पहिली थकते ती मोटर, पॅड लागतं, ठसासुद्धा ओळखतो पण बोल्ट, म्हणजे चौकटीत जाणारा दांडा, ओढायला जोर लागला की व्होल्टेज धाडकन बसतं. त्या अवस्थेत लॉक काही दिवस काढतं आणि मग एक दिवस पॅडही लागत नाही. तुमच्याकडे तेच झालं.

नऊ व्होल्टची बॅटरी लॉक चार्ज करत नाही हे लक्षात घ्या, ती टेकवून धरली आहे तोवरच लॉक जिवंत. म्हणजे एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने बोट किंवा पिन, आत गेलं की लगेच सेल बदलायचे. अधिक-उणे छापलेलं असेल तर तसं जुळवून धरा. बॅटरी अल्कलाइन घ्या, तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल, आणि पर्समध्ये सुट्टी टाकू नका, तिची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असतात, नाणं किंवा चावी लागून शॉर्ट होऊन चांगलीच तापते. टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा.

नव्या लॉकला ठिपक्यांऐवजी खाली टाइप-सी पोर्ट असतो, पॉवर बँक जोडायची. तिथे दोन गोष्टींनी माणूस फसतो. दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल कितीतरी लॉकवर चालतच नाही, एका बाजूला जुना चपटा यूएसबी असलेली लागते. आणि काही पॉवर बँक इतका कमी करंट जातोय म्हणून स्वतःहून बंद पडतात. म्हणून घरच्या घरी एकदा करून बघा, बाहेर अडकल्यावर पहिला प्रयोग नको.

सेल साधे अल्कलाइन, चारही एकाच वेळी नवीन. रिचार्जेबल घालू नका, ते 1.2 व्होल्टचे असतात त्यामुळे लॉकचा अंदाज चुकतो. महागडे लिथियम शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात आणि मग एकदम पडतात, म्हणजे सूचनेला वेळच मिळत नाही. मी सूचनेची वाटच बघत नाही, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला सेल बदलतो, दसऱ्याला तसंही हत्यारं-अवजारं पुसतोच. काढलेले सेल भिंतीवरच्या घड्याळाला कित्येक महिने चालतात, वाया जात नाहीत.

दारखिडकी, नाशिक

मी दारं आणि कुलपं बसवण्याचं काम करतो, बरीच वर्षं झाली. वरच्या दादांनी सेलचं बरोबर सांगितलं पण ताई तुमच्या आईसाठी खरा बॅकअप चावीच. चावीला सेल लागत नाही. फक्त ती घराच्या बाहेर पाहिजे, दहातल्या आठ घरांत मी बघतो चावी बॉक्ससकट कपाटात. काही लॉकना चावीचं भोकच नसतं, नवीन घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरात तसलं लॉक मी बसवत नाही.

चावीचं भोक बहुतेक हँडलजवळ छोट्या झाकणाखाली लपवलेलं असतं, ते आईंना हाताला धरून दाखवा. महिन्यातून एकदा चावी फिरवा. वापर नसला की आत धूळ बसते आणि नेमकी वेळेला फिरत नाही. तेल टाकू नका, तेलाला धूळ चिकटून लगदा होतो. पेन्सिलीचं शिसं चावीच्या दातांवर घासा आणि चार-पाच वेळा आतबाहेर करा, मऊ होतं.

अजून एक, पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, बोल्ट चौकटीच्या पट्टीला घासतो, मोटर घूं घूं करते आणि लोक म्हणतात लॉक खराब. दार स्वतःकडे ओढून किंवा आत दाबून धरा आणि मग बोट लावा, उघडतं. असं रोज करावं लागत असेल तर सुताराकडून रंधा मारून घ्या, नाहीतर मोटर रोज जास्त जोर लावते आणि सेल निम्म्या वेळात संपतात.

आणि आईंना सांगा, दुपारी झोपताना आतून वरची कडी लावायची नाही. कडी लागली की बाहेरून चावी, पिन, बॅटरी काहीच कामाचं नाही. बाथरूममध्ये पाय घसरून पडलेल्या आजी, आतून कडी, आणि बाहेर मुलगा हातात चावी घेऊन उभा, असं दार मी स्वतः तोडलंय. सेफ्टी डोअरचं लॅचही तसंच, त्याचीही चावी शेजारी द्या.

गावखडी, रत्नागिरी

आमच्याकडे समुद्राची हवा, सेलच्या खाचेतल्या स्प्रिंगांवर हिरवट थर येतो आणि नवीन सेल घातले तरी लॉक लागत नाही. कोरड्या कपड्याने, नाहीतर खोडरबरने घासलं की चालू. बाहेरच्या ठिपक्यांचंही तेच.

माझ्या आईचं बोट लागतच नाही, आयुष्यभर भांडी, शेण, नारळ सोलणं, रेषा झिजल्यात. अंगठ्याऐवजी डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठसा घेतला, एकच बोट तीन वेळा वेगवेगळं नोंदवलं, मग बरं चालायला लागलं. पिन तिला आठवतो पण घाईत चुकतो, आणि चार-पाच वेळा चुकला की लॉक थोडा वेळ कुणाचंच ऐकत नाही. तेव्हा घाबरायचं नाही, पायरीवर बसायचं आणि थांबायचं, एवढं तिला शिकवलंय. म्हणून गळ्यातल्या छोट्या पिशवीत कार्ड, ते तिला सगळ्यात सोपं पडतं. पण ताई, सेल मेले की कार्डही मेलंच, तेव्हा चावी हवीच.

दोघांचीआई, ठाणे

मी उलटा अनुभव सांगते. कचरा ठेवायला दोन पावलं बाहेर आले, वाऱ्याने दार आपटलं, ऑटो लॉक चालू, आत माझा दोन वर्षांचा मुलगा. मला पिन पाठ होता म्हणून हसत होते, पण त्याने आतली छोटी खुंटी फिरवली आणि आमच्या लॉकला ती फिरवली की बाहेरचं सगळं बंद होतं, गॅसवर दूध. 101 ला फोन केला, फायर ब्रिगेडचे लोक बाल्कनीतून आत गेले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता दिवसा ऑटो लॉक बंद असतं. आणि चावी कधी चालते, खुंटी फिरवलेली असतानाही चालते का, हे प्रत्येकाने आपापल्या लॉकवर तपासा, आमच्या लॉकची चालते पण तेव्हा चावी माझ्याकडे नव्हती.

मनीप्लांट, पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही मुद्दाम सेल काढले आणि आईला बाहेर उभं करून सगळं करून बघितलं. नऊ व्होल्टची बॅटरी तिला जमली नाही, हात थरथरतो, ठिपक्यावरून सरकते आणि लॉक दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे ती फक्त माझ्यासाठी, गाडीत ठेवलीय, चिकटपट्टी लावून. चावी मात्र जमली, झाकण नखाने सरकवून दोन मिनिटांत उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला रडू आलं.

पण दोनपैकी एक चावी अडकत होती, फिरतच नव्हती! दारखिडकी दादा, पेन्सिल घासली, आता फिरते. ती एक काकूंकडे लाल दोरा बांधून दिली, दुसरी आईच्या देवळाच्या पिशवीत आतल्या कप्प्यात सेफ्टी पिनने अडकवलीय. सूचना आता माझ्या फोनवर येतात. वरच्या कडीचं आई ऐकत नाहीये, म्हणते चाळीस वर्षांची सवय आहे, कडी लावल्याशिवाय डोळा लागत नाही. परवा सुताराला बोलावून ती कडीच काढून घेतेय.