३० एमबीपीएस सगळ्यांना पुरतं म्हणणाऱ्यांसाठी

शूटिंगवाला_सांगली: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "घरात ३० एमबीपीएस वेगाच्या वर नेट कनेक्शन म्हणजे उधळपट्टी." वाचून डोकं फिरलं. मी लग्नाचं शूटिंग करतो. एका लग्नाचं फोरके फुटेज २०० जीबी होतं आणि एडिटर बसतो पुण्यात. ३० च्या लाइनवर ते चढवायला पंधरा तास लागतात, ३०० वर दीड. आधी हार्ड डिस्क पार्सलने जायची, ती पोहोचेपर्यंत जिवाला घोर. उधळपट्टी कसली?

जुना_लाइनमन: मीच लिहिलं होतं. तुमचा तो धंदा झाला, घरगुती वापर नव्हे. नेटफ्लिक्स स्वतः फोरकेला १५ एमबीपीएस सांगतं. लोक ३०० घेतात, राउटर टीव्हीमागे कोंबतात, बेडरूममध्ये फोन वायफायच्या संथ २.४ गिगाहर्ट्झ बँडवर, आणि वर बोंब की नेट स्लो. कित्येक जुन्या राउटरचं लॅन पोर्टच (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसचं असतं. वरचे २०० जातात कुठे?

दोन_मुलांची_आई: चार माणसांच्या घरात येऊन बघा. धाकटा ८० जीबीचा गेम उतरवायला लावतो. ३० वर सहा तास लाइन जाम, तेवढ्यात थोरलीचा क्लास आणि यांची मीटिंग.

जुना_लाइनमन: गेम रात्री लावा.

दोन_मुलांची_आई: माझं घर कसं चालवायचं ते तुम्ही शिकवू नका.

कणकवलीकर: स्पीडचं काय घेऊन बसलात! रस्त्याचं काम निघालं की जेसीबी केबल उखडतो. परवा बाबांच्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत होतो, लाइट गेली, कॉल तुटला. हजार एमबीपीएस घेऊन काय करू?

शूटिंगवाला_सांगली: राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा.

कणकवलीकर: लावलाय हो! राउटरचे दिवे चालू राहतात, नेट जातं.

जुना_लाइनमन: मग तुमच्या ऑपरेटरने स्वस्तात काम उरकलंय. खरं जीपॉन, म्हणजे घरापर्यंत फायबर असेल, तर एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. गल्लीत विजेवर चालणारा साधा नेटवर्क स्विच लटकवला असणार, तो लाइटीबरोबर मरतो. अशांना धरायचं सोडून लोक प्लॅन वाढवत बसतात!

शूटिंगवाला_सांगली: एवढं कळतं, मग अपलोडवर गप्प का?

जुना_लाइनमन: अपलोडचं मान्य, बास. पण ज्याला नुसत्या मालिका बघायच्यात त्याच्या गळ्यात ३०० मारू नका. कणकवलीकर, खांबावरच्या पेटीत लाइटची वायर जाते का बघा.

कणकवलीकर: जाते. शेजारच्या दुकानातून ओढलीय.